आपण काय ऐकलं? गडचिंचले, लोकलमधले स्फोट आणि ‘कट्टर’ हा शब्द

२०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदी लागून तीन-चार आठवडे झालेले असताना, पुण्याच्या एका नातेवाइकाने मला एक व्हिडिओ पाठवला आणि खाली विचारलं, ‘तुमच्या डहाणूत मुसलमान किती आहेत रे?’ व्हिडिओ आमच्याच तालुक्यातल्या गडचिंचले गावचा होता. १६ एप्रिलच्या रात्री तिथे दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक अशा तिघांना जमावाने मारून टाकलं होतं, तेही पोलीस हजर असताना. व्हिडिओत अंधार, बॅटऱ्यांचे झोत आणि आरडाओरडा. त्यात एका ठिकाणी कुणीतरी ओरडतं. देशभरच्या असंख्य लोकांनी तिथे ‘शोएब’ हे नाव ऐकलं.

मीही तो तुकडा मोबाइल कानाला लावून ऐकला. खोटं कशाला सांगू, पहिल्या वेळी मलाही ‘शोएब’च ऐकू आलं, कारण काय ऐकायचं ते मला आधीच सांगितलेलं होतं. मग आवाज वाढवून, कमी करून, पुन्हा पुन्हा ऐकला. शब्द होते ‘ओय बस’. व्हायरल मजकूर तपासणाऱ्या ऑल्ट न्यूजसारख्या मंडळींनीही तो ध्वनी तपासून हेच सांगितलं. ओय बस, म्हणजे अरे पुरे. म्हणजे त्या जमावात निदान एक जण थांबा म्हणत होता, आणि आपण त्याच्या ओरडण्यात मारेकऱ्याचं नाव ऐकलं.

हा लेख त्या ऐकण्याविषयी आहे. हल्ला झाला, माणसं मेली, की आपल्या समाजाचा कान कसा लागतो, त्याला कुठलं नाव आधी ऐकू येतं, आणि ते नाव ऐकू आल्यावर तपासाचं, कोर्टाचं, सिनेमाचं आणि आपल्या रोजच्या मराठीचं काय होतं, हे मी गेली काही वर्षं कात्रणं ठेवून पाहतो आहे. मी कुठल्या विद्यापीठाचा नाही. तारापूर एमआयडीसीत नोकरी केली आणि उरलेल्या वेळात वाचलं. त्यामुळे या लेखात सिद्धान्त थोडे आणि घडलेलं जास्त आहे.

आधी गडचिंचले पुरं करतो. तो खून दहशतवादी हल्ला नव्हता, त्यात मुसलमान नव्हता, धर्माचा तंटाही नव्हता. तरी दोन-चार दिवसांत तो ‘हिंदू साधूंवरचा हल्ला’ झाला आणि हल्ला म्हटलं की पुढचा शब्द आपोआप आला. २२ एप्रिलला तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगितलं, की यात एकही मुसलमान नाही. राज्याच्या गृहमंत्र्याला खुनाच्या तपासात आरोपींची नावं एवढ्यासाठी वाचायला लागतात, हे मला त्या यादीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. नाव सापडलं नाही म्हणून शोध थांबला असंही नाही. मुसलमान नाही तर मिशनरी असतील, मिशनरी नाहीत तर लाल बावटा असेल. तलासरी-डहाणू म्हणजे गोदावरी परुळेकरांचा मुलूख, तेव्हा तिसरी सोय तयारच होती.

त्याआधीचा पंधरवडाही लक्षात घ्यावा लागतो. दिल्लीच्या निजामुद्दीनमधलं तबलिगी जमातचं संमेलन आणि त्यातून पसरलेला संसर्ग यावर तेव्हा चोवीस तास चर्चा चालू होत्या आणि ‘कोरोना जिहाद’ हा शब्द घराघरांत पोचला होता. पुढे २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले, आणि संकटाच्या काळात बळीचा बकरा शोधला जातो, असंही सुनावलं. पण तो ऑगस्ट होता. एप्रिलमध्ये कान तापलेले होते.

या सगळ्यात जे विचारायला हवं होतं ते राहिलं. त्या आठवड्यांत आमच्या भागात रोज नवी अफवा येत होती. चोर आलेत, मुलं पळवणारे आलेत, किडनी काढणारी टोळी फिरते आहे. गावंच्या गावं रात्री काठ्या घेऊन जागत होती. काही दिवस आधी सारणीच्या बाजूला मदत वाटायला गेलेल्या एका डॉक्टरांच्या गाडीवरही जमाव धावून गेला होता. साधूंची गाडी कांदिवलीहून सुरतेला, गुरूच्या अंत्यविधीला निघालेली. हमरस्त्याला नाकाबंदी, म्हणून त्यांनी आडवाट धरली आणि दादरा-नगर हवेलीच्या हद्दीजवळ येऊन पोचले. ज्या पाड्यांवर वर्तमानपत्र जात नाही तिथे मोबाइलवरची अफवा पोचते कशी, टाळेबंदीत मजुरी बंद झालेल्या माणसांच्या मनात भीती कशी साठते, दोन दिवसांपूर्वीच्या प्रकारानंतरही पोलीस बळ कमी का पडलं, हे खरे प्रश्न होते. ‘शोएब’ने ते सगळे गिळले.

आणि मला आणखी एक अनुभव आला, तो इथे नोंदवायलाच हवा. टाळेबंदी सुटल्यावर मी कामानिमित्त सुरतेला, पुण्याला, एकदा नाशिकला गेलो. गाव विचारलं की मी डहाणू सांगायचो आणि समोरचा म्हणायचा, ‘अरे बापरे, तुमच्याकडे साधूंना मारतात ना?’ एका लॉजवर मॅनेजरने आधारकार्ड परत देताना ते विचारलं. मी काय उत्तर द्यायचं? की मी त्या रात्री घरी होतो? की गडचिंचले माझ्यापासून लांब आहे? की आम्ही सगळे तसे नाही? पहिले काही महिने मी हे सगळं बोलायचो. निषेध आधी करायचो, मग चहा प्यायचो. दहातल्या नऊ माणसं आदिवासी असलेल्या तलासरीतल्या पोरांचं तर विचारूच नका. त्यांच्यातला एक जण वापीच्या कंपनीत म्हणाला होता, की आता मी पालघर नाही, उंबरगाव सांगतो. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की न केलेल्या गुन्ह्याचा निषेध सतत तयार ठेवावा लागणं म्हणजे काय असतं. आमचं ते दोनेक वर्षांत ओसरलं.

आमचा हा कान मुळात तयार कधी झाला? याचं मूळ शोधताना मी दर वेळी एकाच संध्याकाळपाशी येतो. ती आमच्याच रेल्वेमार्गावरची आहे.

११ जुलै २००६. चर्चगेटहून उत्तरेकडे निघालेल्या लोकलच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत संध्याकाळी ६ वाजून २४ मिनिटांपासून पुढच्या दहा-अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. १८० हून अधिक माणसं गेली, आठशेच्या वर जखमी झाली. तेव्हा डहाणूपर्यंत लोकल नव्हती, ती २०१३ मध्ये सुरू झाली. आम्ही विरारला उतरून शटल पकडायचो. त्या संध्याकाळी मी विरारच्या फलाटावर होतो. गाड्या बंद, फोन लागत नव्हते, पाऊस. रात्री कधीतरी फलाटावर बसलेल्या एका दाढीवाल्या माणसाला पाच-सहा जणांनी घेरलं आणि बॅग उघडायला लावली. डबा, छत्री आणि कुठल्यातरी तपासणीचे कागद निघाले. मी घेरणाऱ्यांत नव्हतो, पण वाकून पाहणाऱ्यांत होतो. आणि बॅगेत काही निघालं नाही म्हणून मला हायसं वाटलं, की थोडी निराशा झाली, हे मी आजही नक्की सांगू शकत नाही.

पुढच्या काही महिन्यांत दहशतवादविरोधी पथकाने, म्हणजे एटीएसने, १३ जणांना पकडलं. सगळे मुसलमान. माझी त्या काळातली कात्रणं आज उघडली की माझीच मला लाज वाटते, कारण समासात मी ‘मास्टरमाइंड’, ‘बॉम्ब ठेवणारा’, ‘पैसे आणणारा’ असं पेन्सिलीने लिहिलेलं आहे. ‘संशयित’ हा शब्द छापील मजकुरात होता. माझ्या समासात तो कुठेच नाही. २००८ मध्ये मुंबईच्याच गुन्हे शाखेने इंडियन मुजाहिदीनच्या नावाने वेगळे लोक पकडले. त्यांतल्या एकाने लोकलचे स्फोट आपल्या गटाने केल्याचं सांगितल्याचं पुढे आलं, आणि नंतर कोर्टात तो फिरला. एकाच शहराच्या पोलिसांकडे एकाच स्फोटाच्या दोन कहाण्या होत्या आणि त्याने आपल्या कुणाचीच झोप उडाली नाही. दोन्ही कहाण्यांतली नावं एकाच धर्माची होती, त्यामुळे कदाचित त्या दोन आहेत असंच कुणाला वाटलं नाही.

२०१५ मध्ये मोक्का न्यायालयाने १२ जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप. तेरावे आरोपी, शिक्षक अब्दुल वाहिद शेख, नऊ वर्षं तुरुंगात काढून निर्दोष सुटले. आणि २०२५ मध्ये, २१ जुलैला, न्यायमूर्ती अनिल किलोर आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांच्या खंडपीठाने उरलेल्या बाराही जणांना निर्दोष सोडलं. त्यांतला एक २०२१ मध्ये करोनाने नागपूरच्या तुरुंगातच वारला होता. निकालातली कारणं वाचायला हवीत, कारण ती तांत्रिक म्हणून उडवून लावण्यासारखी नाहीत. साक्ष देणारे टॅक्सीचालक शंभरेक दिवस गप्प होते. ओळख परेड ज्याने घेतली त्याला तो अधिकारच उरला नव्हता. कबुलीजबाबांवर विश्वास ठेवता येत नाही आणि छळाचा आरोप टाळता येत नाही. बॉम्ब कुठल्या प्रकारचे होते हेही सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही. निकालाच्या सुरुवातीलाच न्यायालय म्हणतं, की गुन्हा उकलल्याचा खोटा देखावा उभा केला तर लोकांना फसवं समाधान मिळतं आणि खरा धोका मोकळाच राहतो. राज्य सरकार तातडीने सर्वोच्च न्यायालयात गेलं. २४ जुलैला त्या न्यायालयाने, हा निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून वापरता येणार नाही, एवढी स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही.

म्हणजे माझ्या रेल्वेमार्गावर १८० हून जास्त माणसं कुणी मारली, हे एकोणीस वर्षांनी आपल्याकडे कोर्टात टिकेल अशा रीतीने कुणालाच सांगता येत नाही. या वाक्याने आपल्याला धक्का बसायला हवा होता. प्रत्यक्षात आमच्या शटलमधल्या, आता लोकलमधल्या, गप्पांत जे वाक्य मी सर्वांत जास्त ऐकलं ते असं, ‘पुरावे नाहीत म्हणून सुटले, निर्दोष थोडेच आहेत?’

दहा दिवसांनी, ३१ जुलैला, मालेगावच्या २००८ च्या स्फोटाचा निकाल लागला. त्यात सहा जण मेले होते. हेमंत करकरे यांच्या एटीएसने पकडलेल्यांत साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर आणि लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित होते. एनआयएच्या विशेष न्यायालयाने सातही आरोपींना सोडलं. कारण तेच, संशय पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. त्याच डब्यातला, त्याच खिडकीशी बसणारा गृहस्थ म्हणाला, ‘बघा, निर्दोष होते. सतरा वर्षं बदनामी केली.’ मी त्याला दहा दिवसांपूर्वीचं वाक्य आठवून दिलं. तो रागावला नाही, खरंच गोंधळला. आणि न्यायाने वागायचं तर हेही सांगतो, की माझा एक पुरोगामी मित्र याच्या बरोबर उलटं बोलला, पहिल्या निकालाला ‘न्याय’ आणि दुसऱ्याला ‘पुराव्याअभावी सुटका’. ‘भगवा दहशतवाद’ हा शब्द ज्यांनी रूढ केला त्यांनी तीच चूक केली होती. गुन्ह्याला धर्माचं विशेषण लावलं की विशेषण सगळ्या धर्माला चिकटतं आणि गुन्हा सुटतो.

मालेगावचाच आणखी एक स्फोट आपण विसरलोय. ८ सप्टेंबर २००६, लोकलच्या स्फोटांनंतर दोन महिन्यांनी. शुक्रवार, शब-ए-बरात, बडा कब्रस्तानचा परिसर. मेलेले बहुतेक मुसलमान. पकडले गेलेले नऊ जणही मुसलमान. पवित्र दिवशी, कब्रस्तानात, आपल्याच माणसांवर त्यांनी बॉम्ब का ठेवावा, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही, तुम्हाला पडला होता का? २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्या खटल्यातून त्यांना दोषमुक्त केलं. तोपर्यंत दहा वर्षं झाली होती.

लोकलच्या स्फोटांवर २००८ मध्ये दोन हिंदी सिनेमे आले, अवघ्या दोन आठवड्यांच्या अंतराने. २२ ऑगस्टला निशिकांत कामतचा ‘मुंबई मेरी जान’ आणि ५ सप्टेंबरला नीरज पांडेचा ‘अ वेन्सडे’. निकालानंतर मी दोन्ही पुन्हा पाहिले. हल्ल्यानंतर समाजाला काय हवं असतं, हे कुठल्याही सर्वेक्षणापेक्षा या दोन सिनेमांतून जास्त कळतं. त्यातही, आपण कुठला डोक्यावर घेतला आणि कुठला बाजूला ठेवला, यावरून.

डोक्यावर घेतला ‘अ वेन्सडे’. त्यात नसीरुद्दीन शाहचा सामान्य माणूस पोलिसांना वेठीला धरून तुरुंगातले चार दहशतवादी बाहेर काढायला लावतो. वाटतं सोडवायला, प्रत्यक्षात मारायला. तिघे स्फोटात मरतात, चौथ्याला पोलीसच गोळी घालतात, आणि थिएटरमध्ये टाळ्या पडतात. मीही वाजवल्या होत्या. सिनेमा बांधलेला उत्तम आहे, एकही दृश्य फुकट नाही. पण त्याचा सगळा डोलारा एका गृहीतकावर उभा आहे, की पकडलेले ते दोषीच. चौघांचा गुन्हा सिनेमा सिद्ध करत नाही, तो फक्त त्यांची नावं आणि फाइल दाखवतो. आणि शेवटी गंमत पाहा. त्या सामान्य माणसाने आपलं नाव सांगितलं होतं, पण ते मी सांगणार नाही, कारण लोक नावात धर्म शोधतात, असं पोलीस आयुक्त आपल्याला ऐकवतो. केवढं उदार! पण ज्यांना मारायचं त्यांची नावं लपवायची गरज सिनेमाला वाटत नाही. नायकाच्या नावात धर्म शोधू नका, खलनायकाच्या नावात शोधला तरी चालेल, इतकी ही उदारता. २१ जुलैच्या निकालानंतर तो सिनेमा पाहणं मला जड गेलं. बारा माणसांना, त्यांतल्या पाचांना फाशीच्या कोठडीत, आपण पडद्यावर केव्हाच उडवून मोकळे झालो होतो.

‘मुंबई मेरी जान’चं तसं झालं नाही. समीक्षकांनी नावाजला, पण लग्नाच्या पंगतीत कुणी त्याचे संवाद म्हणत नाही. कामतचा प्रवास इथे पाहण्यासारखा आहे. २००५ मध्ये ‘डोंबिवली फास्ट’ काढून त्यानेच मराठीत बॅट हाती घेतलेला, संतापलेला लोकलप्रवासी उभा केला होता. तीन वर्षांनी, खरोखरच लोकलमध्ये माणसं मेल्यावर, त्याने संतापाला नायक केलं नाही. त्याच्या सिनेमातला सुरेश, के के मेननने केलेला, बेकार आहे. हॉटेलात येणारा एक मुसलमान तरुण स्फोटानंतर दिसेनासा होतो आणि सुरेशचा संशय पक्का होत जातो. त्याच्या संशयाला रिकामा वेळ लागतो, मित्रांचा दुजोरा लागतो, आणि आपण काहीतरी देशकार्य करतो आहोत ही भावना लागते. कामत त्याला राक्षस करत नाही. तो सुरेश विरारच्या फलाटावर होता. तो मी होतो.

पण गडचिंचलेनंतर मला जास्त खोल वाटला तो इरफान खानचा थॉमस. सायकलवर कॉफी विकणारा दाक्षिणात्य. मॉलमध्ये त्याचा बायको-मुलीसमोर पाणउतारा होतो. मग त्याला एक शोध लागतो, की टेलिफोनवरून बॉम्बची नुसती थाप मारली तरी ज्या लोकांनी आपल्याला हाकललं ते जिवाच्या आकांताने पळत सुटतात. त्याला कुणाचा जीव घ्यायचा नाही, कुठल्या धर्माशी देणंघेणं नाही. भीती पसरवता येते, एवढंच त्याला सुख आहे. व्हॉट्सअॅप येण्याआधीच्या काळात कामतने ते सुख पकडलं. आमच्या तालुक्यात किडनीच्या टोळीचे मेसेज पुढे ढकलणाऱ्यांत आणि नंतर ‘शोएब’ पुढे ढकलणाऱ्यांत असे थॉमस किती होते कोण जाणे. कामत ऑगस्ट २०२० मध्ये गेला, गडचिंचलेनंतर चार महिन्यांनी.

आता भाषेकडे येतो. ‘कट्टर’ हा शब्द घ्या. आमच्या चारोटी नाक्यावर उभं राहून अर्धा तास मोटारसायकली पाहिल्या तर नंबरप्लेटवर, काचेवर, टी-शर्टवर हा शब्द भगव्या रंगात हमखास दिसतो. कट्टर हिंदू, कट्टर शिवभक्त, कट्टर समर्थक. पोरं ते अभिमानाने लावतात आणि त्यांतली बहुतेक साधी, कामाला जाणारी पोरं आहेत. हाच शब्द मुसलमानाच्या आधी लावून पाहा. ‘तो कट्टर आहे’ म्हटलं की अर्थ होतो, त्याच्यापासून सांभाळून राहा. ‘जहाल’चं असंच झालं. टिळकांचा गट जहाल होता, आणि शाळेच्या पुस्तकात आपण ते मान ताठ करून वाचलं. पुढे तो शब्द नक्षलवाद्याच्या मागे गेला. ‘अतिरेकी’ मी लहानपणी पंजाबच्या बातम्यांत वाचायचो, तेव्हा त्या शब्दाला पगडी होती. आता दाढी आहे. शब्द एकच, माणूस बदलला की निवाडा बदलतो. म्हणून ‘धार्मिक कट्टरता वाईट’ असं भाषणात सगळे म्हणतात आणि कुणालाच बोचत नाही. प्रत्येकाच्या कानात तो शब्द दुसऱ्याच्या नावाने वाजतो.

इथे मला कुणी थांबवील, की मग मुसलमानांत धर्मांधता नाहीच का? आहे. आणि ती लांब कुठे नाही. पालघर जिल्हा २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झाला. त्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यात ९ डिसेंबर २०२३ ला एनआयएने छापे घातले आणि इसिसशी संबंधाच्या आरोपावरून १५ जणांना अटक केली. त्यांत साकिब नाचण होता, मुंबईतल्या २००२-०३ च्या स्फोटांच्या खटल्यात आधी शिक्षा भोगलेला. तो जून २०२५ मध्ये वारला. बाकी खटल्याचा निकाल यायचा आहे. २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण इराककडे गेले होते. हे झाकून ठेवणारे माझे पुरोगामी स्नेही मुसलमानांचं भलं करत नाहीत. हमीद दलवाईंनी हे साठ वर्षांपूर्वी ओळखलं होतं. १९६६ मध्ये सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा त्यांनी मुंबईत विधिमंडळावर नेला, १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, आणि आपल्या समाजाच्या धर्मवादी राजकारणावर इतकं थेट लिहिलं, की आजही ते बोचतं. पण दलवाईंना आपण वापरतो कसे? प्रत्येक हल्ल्यानंतर त्यांची आठवण काढली जाते, ती त्यांच्या अर्ध्या लेखनाची. मुसलमानांची चिकित्सा करणारे दलवाई हवेत. हिंदूंनीही आपला समाज आधुनिक करावा, नागरिक म्हणून सगळ्यांना एकच माप लावावं, असा आग्रह धरणारे दलवाई नकोत. ते आत बसून चिकित्सा करत होते, आपण बाहेरून ती दगडासारखी उचलतो.

पडघ्याची चिकित्सा म्हणजे पुरावा, साक्षीदार आणि तिथल्या पोरांपर्यंत कुठली भाषणं कुठून पोचली याचा शोध. ‘ते असेच असतात’ म्हणणं ही चिकित्सा नव्हे, ती चिकित्सेला दिलेली सुट्टी आहे. सगळेच संशयित ठरले की खऱ्या माणसाला गर्दी मिळते. आणि ज्या समाजाकडून खबर यायची तोच तोंड मिटतो. कल्याणच्या तरुणांच्या बाबतीत पहिल्यांदा पोलिसांकडे धावले ते त्यांच्या घरचेच होते, हे किती जणांना आठवतं?

तसंच २६/११ नंतरचं एक दृश्य. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा द्यायला तिथल्या जामा मशीद ट्रस्टने साफ नकार दिला. असले लोक आमचे नव्हेत, म्हणाले. ती प्रेतं जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात वर्षभराहून अधिक काळ पडून होती, शेवटी जानेवारी २०१० मध्ये सरकारने गुपचूप पुरली. इस्लाममध्ये दफन लवकर करण्यावर किती भर आहे हे माहीत असलेल्याला त्या नकाराचं वजन कळेल. पण पुढच्या प्रत्येक हल्ल्यानंतर ‘मुसलमान निषेध का करत नाहीत?’ हा प्रश्न पुन्हा पहिल्यासारखा कोरा विचारला गेला.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ माणसं मारली गेली. सहा महाराष्ट्रातली. हल्लेखोरांनी धर्म विचारून मारलं, आणि हे सत्य कुणी गुळमुळीत करू नये. ज्यांच्या घरची माणसं गेली त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. पर्यटकांना वाचवताना तिथला एक मुसलमान घोडेवालाही मेला, हेही तितकंच सत्य. त्यानंतर तीन-चार दिवसांत आपल्या राज्याच्या एका मंत्र्याने दापोलीत लोकांना सांगितलं, की खरेदी करण्यापूर्वी दुकानदाराचा धर्म विचारा. नाव विचारून मारणाऱ्यांचा निषेध करायचा आणि त्यांचाच प्रश्न बाजारात घेऊन जायचा, यातली विसंगती आमच्या नाक्यावर तरी कुणाला बोचलेली दिसली नाही.

त्या आठवड्यात मी मोटारसायकल घेऊन हायवेवरच्या गॅरेजवर गेलो. बारा-तेरा वर्षं त्याच चाचांकडे जातो. मी गाडी स्टँडला लावायच्या आधीच ते म्हणाले, ‘भाऊ, बहुत बुरा हुआ वहाँ. फार वाईट झालं.’ काय बिघडलंय हे त्यांनी अजून विचारलंही नव्हतं. आमच्या तलासरीतल्या कितीतरी पोरांनी मुसलमान पाहिलेला असतो तो अशा गॅरेजात, नाहीतर मोबाइलमध्ये, आणि मोबाइलमधला जास्त वेळा. मला एकदम ते लॉजचे मॅनेजर आठवले आणि आधारकार्ड. मी काहीतरी पुटपुटलो. मग त्यांनी क्लचची वायर सोडवायला घेतली.

गेल्या महिन्यात पुन्हा गेलो होतो. बोलता बोलता लोकलच्या स्फोटांच्या निकालाचा विषय मीच काढला. त्यांनी हातातला पाना फडक्याने पुसला, दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही ना ते पाहिलं, आणि म्हणाले, ‘पेपरात वाचलं. पण मी कुणाशी बोललो नाही, भाऊ. घरी पोरांनाही सांगितलं, दुकानावर या विषयाचं काही बोलायचं नाही.’ मग त्यांनी विचारलं, ब्रेकही बघू का?